रुपीबाई कुणाला उचलत नाही

पोळ्याला आठ दिवस होते तेव्हा रुपीबाई पहिल्यांदा आमच्या घरी आली आणि तिनं मला पलंगावर आडवं व्हायला सांगितलं. पेशंट मी नव्हतो. पेशंट माझी बायको, विमल. ती समोरच्या खाटेवर पडून आमच्याकडे पाहत होती. मी रुपीबाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मले दिसते सायेब. तुमी झोपा."

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. मी कृषी सहायक म्हणून तीस वर्षं नोकरी केली. दारव्हा तालुक्यात असं गाव नसेल जिथं मी शेतकऱ्यांचं प्रशिक्षण घेतलं नाही. बियाण्याला औषध कसं चोळायचं, फवारणीचा पंप कसा धरायचा, मातीचा नमुना कसा काढायचा. प्रशिक्षण म्हणजे एक बॅनर, दोन सतरंज्या, माझं तासभराचं भाषण, हजेरीपटावर सह्या आणि शेवटी चहा. पंप टेबलावर ठेवलेला असायचा आणि मी तो बोटानं दाखवायचो. पाठीवर कधी घेतला नाही. अशा माणसाला जीपमधून उतरून आलेली एक आया दारात चप्पल काढता काढता सांगते की झोपा. माझं पित्त खवळलं. तरी मी झोपलो, कारण इलाज नव्हता.

झालं होतं असं. जून महिन्यात विमल सकाळी अंगणात सडा टाकताना खाली बसली ती उठलीच नाही. यवतमाळच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या बोलण्यातून एकच शब्द तिच्याजवळ उरला, "हो". पाणी पाहिजे का, हो. दुखतं का, हो. आमचा एकुलता मुलगा पियुष पुण्याहून धावत आला होता. त्यानं दवाखान्यातच तिचा हात हातात घेऊन विचारलं, "आई, पुण्याला येतेस ना आमच्याकडे?" ती म्हणाली, "हो." पियुषच्या डोळ्यांत पाणी आलं. सून अर्पितानं त्याच दिवशी फ्लॅटमधली मागची खोली रिकामी करायला घेतली आणि दिवसरात्र राहणारी बाई मिळावी म्हणून एका एजन्सीत नाव नोंदवलं. दोघंही मनानं चांगली आहेत. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

माझी तक्रार त्या "हो"बद्दल होती. विमलला घरी आणल्यावर एका दुपारी मी तिच्याजवळ स्टूल घेऊन बसलो आणि विचारलं, पुण्याला जायचं का? हो. मग विचारलं, इथंच राहायचं का? हो. माझा पारा चढला. म्हटलं, मी गाढव आहे का? हो. या एका उत्तरावर मी विश्वास ठेवायला तयार होतो. पण मान हलवून सांग म्हटलं तरी तीच गत, मान नुसती खालीवर. मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो आणि मला रडू आलं. पस्तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिला काय पाहिजे हे मला माहीत नव्हतं, आणि आता विचारायची सोयही राहिली नव्हती.

मी पियुषला फोन केला की जरा थांब. त्यानं सरळ विचारलं, बाबा, तुम्ही एकट्यानं आईला खाटेवरून संडासापर्यंत नेऊन परत आणू शकता का? तोवर शेजारपाजारची चार माणसं जमवून आम्ही तिला उचलत होतो, चादरीत घालून. पियुष म्हणाला, मी दसऱ्यानंतर गाडी घेऊन येतो, तोवर जमलं तर बोलू. त्याचं काही चुकलं नव्हतं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सुटीच्या कागदामागे एक मोबाइल नंबर लिहून दिला होता, रुपीबाई म्हणून. तो मी लावला.

तर मी पलंगावर पडलो. रुपीबाईनं सांगितलं की तासभर उजवं अंग हलवायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. पाचव्या मिनिटाला नाकावर माशी बसली. डावा हात उचलला तर ती म्हणाली, ताईचा डावा हात तुम्ही पांघरुणाखाली दाबून ठेवता, तसाच तुमचाही दाबलेला आहे असं समजा. मी माशी सोसली. पाठीखाली चादरीची घडी रुतत होती, तीही सोसली. आणि मग काही कळायच्या आत तिनं माझ्या बगलेत हात घालून मला खाडकन उठवून बसवलं. खांद्यातून कळ गेली. मी ओरडलो, सांगून करायचं ना बाई!

"हा," ती म्हणाली. "मंग ताईले कोन सांगते?"

मी विमलकडे पाहिलं. गेल्या दीड महिन्यात आम्ही तिला दिवसातून पाचसहा वेळा असंच उठवत होतो.

रुपीबाई दारव्ह्याच्या पलीकडच्या एका तांड्यातली. वय पंचावन्नच्या आसपास असेल, तिलाही नक्की ठाऊक नाही. अंगकाठी इतकी बारीक की हिच्यानं उशी तरी उचलेल का असं वाटावं. तिच्या दोन्ही दंडांवर फिकट पट्टे आहेत. लग्नापासून घातलेले चुडे तिनं दवाखान्यात आयाची नोकरी धरली तेव्हा काढले, पेशंटला टोचतात म्हणून. तांड्यात त्यावरून बरंच बोलणं झालं. सासू दोन वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. त्या नोकरीत पंधरा वर्षं झाली आणि मग तिनं ती सोडली. आता ती घरोघरी जाते. कुठं म्हातारा पडलेला, कुठं मांडीचं हाड मोडलेलं, कुठं आमच्यासारखं. पण ती पेशंटची सेवा करत नाही. घरच्या माणसांना शिकवते. पहिल्याच दिवशी तिनं मला आपले दोन नियम सांगितले.

"मी कोनाले उचलत नाही. तुमी उचलान. आन् उठाच्या आंधी तीनपर्यंत मोजाचं, पन मोजनार ताई. तिनं मोजल्याबिगर हात लावाचा नाही."

मी म्हटलं, तिला बोलता येत नाही. रुपीबाई म्हणाली, मंग वाट पाहा. मला वाटलं, बाईला डोकं कमी आहे.

शिकणं सुरू झालं आणि माझी चांगलीच जिरली. खाटेच्या काठावर विमलला बसवायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. तिच्या कमरेला माझा खांद्यावरचा दुपट्टा बांधायचा, धरायला. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना लावायचे, म्हणजे तिचा उजवा पाय दुमडत नाही. तिला पुढं वाकवायचं, इतकं की तिचं नाक तिच्या पायाच्या अंगठ्यापुढं आलं पाहिजे. मग ती स्वतःच हलकी होते आणि आपण फक्त बरोबर राहायचं. हे मी आता चार ओळींत लिहिलं. शिकायला मला साडेतीन आठवडे लागले. मी शेतकऱ्याचा मुलगा, अंगात ओझं उचलायची एकच रीत भिनलेली. कापसाचं गाठोडं उचलतो तसं, दम धरून, झटका देऊन. तो झटका मी विमलच्या दुबळ्या खांद्याला दिला. तिचं तोंड वाकडं झालं, आवाज निघाला नाही. रुपीबाईनं माझ्या मनगटावर चापट मारली. शाळा सोडल्यापासून मला कुणी मारलं नव्हतं.

ती दिवसाआड यायची. खाटेपासून दोन हातांवर चटई टाकून बसायची आणि आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायची. मी विचारलं, असं का? ती म्हणाली, हात धावतात म्हणून. मी चुकायचो, विमल कलंडायची, मी घामानं भिजायचो, रुपीबाई जागची हलायची नाही. फक्त तोंडानं सांगायची. गुडघा. नाक. कंबर. तुमची कंबर नाही, तिची. मला चीड यायची की ही बाई एक हात लावत नाही. पुढं माझ्या लक्षात आलं की मी चुकलो की तिचे खांदे वर चढतात, हात सुटायला बघतात आणि ती पुन्हा त्यांवर आपलं वजन टाकते.

दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली, तिची मला अजून लाज वाटते. विमलला उठवायचं म्हणजे तिला दोन्ही हातांनी मिठीत घ्यावं लागतं. दुसरी रीतच नाही. छातीला छाती लागते, तिची हनुवटी माझ्या खांद्यावर येते. आमच्या गावात नवरा चारचौघांत बायकोच्या हाताला हात लावत नाही. मी लग्नात लावला तोच. मी दार लोटून शिकायचो. त्या दिवशी विमल अर्धी उठलेली आणि शेजारची पुष्पा पिठल्याचं भांडं घेऊन भाऊजी, भाऊजी करत आत आली. मी हात सोडले. विचार करून नाही सोडले, आपोआप सुटले. विमल मागं खाटेवर आदळली.

पुष्पा भांडं ठेवून निघून गेली. रुपीबाई उठून उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"लाज वाटली न तुमाले? मंग जाऊ द्या तिले पुन्याले. तिथं पगारी बाई राहन, तिले लाज नाही वाटाची."

मी दार उघडलं, सताड उघडलं, आणि पुन्हा विमलसमोर उभा राहिलो. त्या दिवसापासून आमचं शिकणं उघड्या दारात झालं. पहिले चार दिवस रस्त्यावरची पोरं ओट्याशी उभी राहून हसली. मग त्यांनाही कंटाळा आला.

मोजण्याचं मात्र अडलं होतं. रुपीबाई विमलच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "ताई, मोजा." विमल म्हणायची, "हो." आणि आम्ही बसून राहायचो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग विमल डाव्या हातानं माझ्या पाठीवर थाप मारायची आणि रुपीबाई म्हणायची, चला, आज थापेवर घ्या, पन मोजनं सोडू नका. मी एकदा भडकलो. म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय शब्द जातात म्हणून, तू डॉक्टरपेक्षा मोठी का? मीच एक-दोन-तीन म्हणतो, काय बिघडतं?

तेव्हा तिनं मला खेमसिंगचं सांगितलं. खेमसिंग तिचा नवरा. ऊसतोडीला गेला असता ट्रकवरून पडला आणि कमरेखालून गेला. सहा वर्षं ती त्याचं सगळं करत होती आणि चांगलं करत होती, अंगाला एक जखम होऊ दिली नाही. सकाळी अंगणात ठेवायची, ऊन चढलं की आत आणायची, दवाखान्यात ड्युटीला जायची वेळ झाली की पुन्हा झोपवायची. सगळं तिच्या घड्याळानं. एक दिवस थंडीत ती त्याला अंगणातून उचलायला गेली तर तो म्हणाला, मले इच्यार तं. तिला उशीर होत होता. तिनं उचललं आणि आत ठेवलं. त्याच महिन्यात तो गेला.

"त्याले अजून उनात बसाचं असन," ती म्हणाली. "नाही तं आत जाचं असन. मले काय मालूम. मी इच्यारलंच नाही."

यानंतर मी डॉक्टरचं नाव काढलं नाही.

पोळा झाला, भाद्रपद लागला. आमचं चार एकर शेत नागोराव बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं करतो. तो मुगाचं पोतं घेऊन आला. आता सगळं वजनावर विकतात, पण घरापुरतं जे ठेवायचं ते आमच्याकडे अजून पायलीनं मापून कणगीत टाकतात, आणि ते माप दरवर्षी विमल मोजत आली. तिच्या मोजण्यानं बरकत येते असं नागोरावचं म्हणणं. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. नागोरावनं ओसरीवर पोतं सोडलं, पायली भरली, वरून हात फिरवला आणि विमल आजारी म्हणून मुकाट्यानं कणगीत ओतायला गेला. रुपीबाई चटईवर होती. मी विमलच्या कमरेचा दुपट्टा सोडत होतो.

खाटेवरून आवाज आला, "लाभ."

नागोरावचा हात तसाच राहिला. मी विमलकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाहत नव्हती. तिचं लक्ष उघड्या दारातून ओसरीवरच्या पायलीकडे होतं. नागोरावनं मूग ओतला, दुसरी पायली भरली. "दोन." तिसरी. "तीन." ती अकरापर्यंत गेली, मग अडकली आणि पुन्हा हो म्हणाली. नागोराव डोळे पुसत म्हणाला, वयनी बोलल्या. मी दुपट्टा हातात घेऊन उभाच. रुपीबाई हात मांड्यांखालून काढून उठली, विमलजवळ गेली आणि फक्त म्हणाली, "मोजा, ताई. आता तुमी सोताले मोजा."

विमल तिच्याकडे पाहत राहिली. मी घाईघाईनं दुपट्टा बांधला, गुडघे लावले, हात पाठीमागं नेले. बराच वेळ गेला. मग माझ्या कानाशी, हळू पण अगदी स्पष्ट, "लाभ, दोन, तीन." आणि तीनला ती उठली. मी उठवली नाही. ती उठली आणि मी बरोबर होतो. इतके दिवस मी जे ओझं उचलत होतो त्यातलं निम्मं माझ्याच आडदांडपणाचं होतं, हे त्या क्षणी मला कमरेत कळलं.

डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, असं होतं कधी कधी, पाठ झालेली मोजणी मेंदूत वेगळी राहते. असेल. मला एवढंच ठाऊक आहे की मी शंभर प्रशिक्षणं घेतली आणि एकाही शेतकऱ्यासमोर गप्प बसून वाट पाहिली नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पियुष आणि अर्पिता आली. मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि सगळं करून दाखवलं. खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून संडास, तिथून परत. दर वेळी विमलनं मोजलं, दर वेळी तीनला उठली. अर्पिता उठून आली आणि सासूच्या पाया पडली. पियुष म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला. मग म्हणाला, पण उद्या तुमची कंबर धरली तर? तुम्हाला ताप आला तर? तुम्हीही एकसष्टचे आहात. आणि आईनं स्वतः हो म्हटलंय. त्यानं माझ्यादेखत पुन्हा विचारलं, "आई, उद्या पुण्याला जायचं ना?" "हो," विमल म्हणाली.

मी वाद घातला नाही. माझा स्वभाव माहीत असलेल्यांना हे खरं वाटणार नाही. पण मला खरंच माहीत नव्हतं. तिला नातवंडांजवळ जायचं असेल तर? पुण्याचे डॉक्टर, लिफ्ट, गरम पाण्याचा नळ, तिला हे सगळं हवं असेल तर? माझ्याजवळ राहायचं आहे असं ती कधी म्हणाली होती? मी नोकरीभर गावोगाव फिरलो, ती या घरात राहिली. मी जे ठरवलं त्याला ती हो म्हणत आली आणि मी ते हो खिशात घालून जीपमध्ये बसत आलो. अर्पितानं बॅग भरली. मी औषधांच्या पट्ट्या वेगळ्या करून दिल्या.

रविवारी सकाळी गाडी दारापुढं लागली. गाडीत बसवायचं कसं ते पियुषला दाखवावं म्हणून मी रुपीबाईला बोलावलं होतं. ती ओट्यावर पायरीशी बसली. नागोराव बॅग ठेवायला आला होता, पुष्पा आपल्या दारात उभी होती. विमलला मी चाकाच्या खुर्चीत गाडीच्या उघड्या दारापाशी आणलं. पियुष वाकून तिच्या बगलेत हात घालायला लागला, अगदी मी घालायचो तसा. मी त्याला थांबवलं. त्यानं रुपीबाईला विनंती केली, बाई, एवढ्या वेळेला तुम्हीच बसवून द्या. ती म्हणाली, "मी उचलत नाही, भाऊ. तुमी उचला. ताई मोजन, मंग."

पियुष शहाणा मुलगा आहे. त्यानं आईच्या कमरेचा दुपट्टा नीट केला. मी सांगितलं तसे गुडघे लावले, हात पाठीमागं नेले, तिला पुढं वाकवलं. म्हणाला, "आई, मोज."

विमल काही बोलली नाही.

पियुषनं वाट पाहिली. पुन्हा म्हणाला, आई, मोज ना, बसायचंय गाडीत. विमलनं तोंड मिटून घेतलं. मला वाटलं तिचं पुन्हा बिनसलं. पण सकाळपासून ती तीन वेळा मोजून उठली होती, संडासाला, आंघोळीला, खुर्चीत बसायला. शब्द तिच्याजवळ होते. पियुष स्वतःच म्हणायला लागला, "लाभ, दो..." तेवढ्यात ओट्यावरून रुपीबाई म्हणाली, "तुमी नाही, भाऊ." तिचे हात मांड्यांखाली होते.

आम्ही सगळे उभे राहिलो. गाडीचं इंजिन चालू होतं, ते अर्पितानं आत हात घालून बंद केलं. विमल पियुषच्या खांद्यावरून समोर बघत होती. ती रडत नव्हती, रागावलेली नव्हती. ती फक्त मोजत नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. पियुषचे पाय भरून आले असावेत, तो हळूच सरळ झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते, पण बोललो नाही. मला तेवढं शिकवलं गेलं होतं.

पियुषनं खुर्ची फिरवली. ओसरीवर एक खाट होती, तिच्याजवळ नेली. पुन्हा गुडघे लावले, पुन्हा हात मागं नेले. तो मोज म्हणणार, त्याच्या आधी ती म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन, आणि पोराच्या मिठीत ती उभी राहिली. तो तिला खाटेवर बसवायचं विसरला. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिला, आणि ती डाव्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटत राहिली, उभ्यानंच. नागोरावनं गाडीतून बॅग काढून आत आणली.

पियुष आणि अर्पिता आणखी चार दिवस राहिली. त्या चार दिवसांत दोघंही शिकली, पलंगावर पडून, माशा सोसून. आता ती दर महिन्याला येतात. माझी कंबर धरली तर पुष्पाला बोलवायचं ठरलंय, तिलाही रुपीबाईनं तयार केलंय. पुढं काय होईल ते मला माहीत नाही.

ती दोघं पुण्याला परत गेली त्या दिवशी मी रुपीबाईला जीपच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. ती म्हणाली, आता मी येणार नाही, घाटंजीकडे एक घर आहे, तिथं जायचं आहे. मी तिचे आभार मानायला तोंड उघडलं आणि भाषणं ठोकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दोन वाक्यं सुचेनात. शेवटी मी रस्त्यातच वाकून तिला नमस्कार केला. थांब्यावरची माणसं बघत होती, बघू दिलं. ती मागं सरकली, म्हणाली, "कायले, सायेब. मी काय केलं? मी तं बसून होती." आणि जीपमध्ये चढली. तिनं काय केलं ते मी तेव्हा सांगू शकलो नाही, म्हणून इथं लिहिलं. पस्तीस वर्षांत माझ्या बायकोला पहिल्यांदा नाही म्हणायची जागा मिळाली, ती रुपीबाईनं दिली. हे उपकार माझ्यानं फिटणार नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही.

घरी आलो तर विमल ओसरीवर बसली होती. मी विचारलं, चहा टाकू का?

"हो," ती म्हणाली.

मी लगेच आत गेलो नाही. तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि खरं काय ते कळायची वाट पाहत राहिलो.